आर्व्हेल टॅकेटचा पुढचा दात

ब्रायर गॅपच्या गुरांच्या बाजारात दर सोमवारी उंच फळीवर बसून लिलाव पुकारतो ना, तो आर्व्हेल टॅकेट, त्याच्या एका दाताची ही हकिकत. दातावर कुणी हकिकत सांगतं का, असं म्हणाल. म्हणा बापडे. बाकीची माणसं तोंडाने जेवतात. आर्व्हेलचं सगळं घरच त्याच्या तोंडावर जेवत होतं.

अठ्ठावन्नचं वय, उंच सडपातळ अंग, डोक्यावर तेलकट टोपी. घरी असला तर घुम्यासारखा बसून राहील, बायकोने चारदा विचारावं तेव्हा एकदा हुंकार देईल. पण हातात हातोडी आली आणि रिंगणात गाय आली, की हा बाबा असा सुटायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याला नाक-बिक आहे की नाही, श्वास घेतो कुठून! "पाचशे, पाचशे, कोण म्हणतो सहाशे, सहाशे घे रे सहाशे, पाचशेला चालली बघ, घरी जाऊन बायकोला काय सांगशील, सहाशे!" आमच्या केंटकीच्या डोंगरांत त्याच्या तोडीचा लिलाववाला नव्हता, आणि हे मी त्याचा शेजारी म्हणून सांगत नाही. त्याचं माझं कुंपणावरून भांडणच आहे.

गाय घेताना आमच्याकडे आधी तिचं तोंड उघडून दात बघतात. दात शाबूत तर भाव चढा. एखादा पडलेला असला की आर्व्हेल वरून ओरडायचा, "दात पडलाय मंडळी, तोंड बघून घ्या, मागाहून माझ्या नावाने बोंब नको!" अशी हजारो गायींची तोंडं त्याने चव्हाट्यावर मांडली. स्वतःच्या तोंडात मात्र कधी डोकावला नाही. दुखत नाही तोवर दाताकडे बघायचं नाही आणि दुखला की लवंगेचं तेल लावायचं, एवढंच त्याचं दंतशास्त्र.

वरचा पुढचा एक दात तसा जुना रोगी होता. पूर्वी कधी तरी एका खोंडाने फाटकाला धडक दिली आणि फाटक आर्व्हेलच्या तोंडावर आलं, तेव्हापासून तो दात काळपट पडला होता. नोव्हेंबरात त्याने उचल खाल्ली. ओठ सुजला, गाल सुजला, लवंगेच्या तेलाने हात टेकले. तशात त्याची बायको ओपल त्याला म्हणाली, "घरात कण्हत बसू नकोस, माझं डोकं उठलंय. जा, शेजारच्या तालुक्यात आज बाजार आहे, दुसऱ्याचा लिलाव ऐकून ये. मन रमेल."

मन रमायला गेला आणि फसला. त्याचं असं की, लिलावात कुणी ओरडून बोली लावत नाही. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाची खूण ठरलेली. कुणी टोपी मागे सारतो, कुणी डोळा बारीक करतो. वरच्या डोंगरावरचा होबार्ट स्लोन म्हणून म्हातारा आहे, चारशे गुरांचा धनी. तो गालाला हात लावतो. तो आर्व्हेलच्याही बाजारात येतो आणि त्या बाजारातही. आता त्या शनिवारी तिथे एक शेळी आली रिंगणात. कान फाटका, पोट खपाटीला. आर्व्हेलने कळ आली म्हणून गालाला हात लावला. वरचा लिलाववाला खूश: "वा! आज आर्व्हेल टॅकेट घेतोय!" आर्व्हेलने कण्हून हात बदलला. भाव वाढला. त्याने दोन्ही हातांनी गाल धरला, तशी हातोडी पडली. दुसरा कुणी बोली लावतच नव्हता. हा गडी स्वतःच्याच बोलीवर बोली चढवत बसला होता.

भांडणार कसा? "खूण दिसली की बोली झाली" हे सांगून त्याने स्वतः आजवर किती माणसांच्या गळ्यात जनावरं बांधली होती! मुकाट्याने पैसे मोजले आणि शेळी ट्रकमध्ये घातली.

ओपल दारातच उभी होती. तिने शेळीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "दात दुखतो म्हणून शेळी? पोट दुखलं असतं तर घोडा आणला असतास का?" त्या शेळीचं नाव तिने दाढ ठेवलं. दुसऱ्या दिवशी दाढेने ओपलची दोरीवरची चादर खाल्ली.

मग निघाला डॉक्टरचा विषय. गावात दाताचा दवाखाना एकच, आणि तिथे काउंटरवर बसते ती शर्लीन, आर्व्हेलच्या वर्गातली. तिने फोनवर आकडे सांगितले. दात वाचवायचा तर मुळाचं काम आणि वर टोपी, काढायचा तर त्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना धरून बसवलेला खोटा दात. आकडे ऐकून आर्व्हेल म्हणाला, "शर्लीन, मी एक दात विचारतोय. सगळ्या गावाचे नाही."

"आर्व्हेल, तू एका गायीचे किती घेतोस ते मी विचारते का?" शर्लीन म्हणाली. "विमा आहे?"

विमा येणार होता. ओपल नुकतीच शाळेच्या स्वयंपाकघरात लागली होती, आणि एक जानेवारीपासून तिला आणि नवऱ्याला दातांचा विमा लागू होणार होता. घरातला पहिलाच. संध्याकाळी बीन्स आणि मक्याचा ब्रेड खाताना, म्हणजे ओपल खाताना आणि आर्व्हेल ते बघताना, त्याने विचारलं, "अगं, पण शाळेचा तब्येतीचा विमा तर आत्ताच चालू आहे ना?"

"तो अंगाचा. दातांचा वेगळा असतो."

"का? दात अंगात नाहीत?"

"नाहीत म्हणे. डोळ्यांचासुद्धा वेगळाच असतो."

आर्व्हेल विचारात पडला. "मग अंगात राहिलं काय?"

"मला काय विचारतोस? मी पोरांना बटाटे वाढते. एक तारखेपर्यंत दम धर, एवढं मला कळतं."

ओपलचं ऐकलं असतं तर ही हकिकत इथेच संपली असती. पण आर्व्हेलला अक्कल सुचली. लिलाववाल्याची अक्कल. जन्मभर त्याने एक गोष्ट पाहिली होती: रिंगणात आणायचं जनावर आदल्या दिवशी धुऊन, खरारा करून, खूर कापून आणायचं. घाण जनावराला भाव नाही. आणि विमावाले तर त्याहून पक्के. बाजाराचा मालक क्लेटस प्रूइट याच्या वळूचा विमा काढायला माणूस आला होता, त्याने वळूला चार पावलं चालवलं, एका पायाने किंचित लंगडतो म्हणून वही मिटून तो चालता झाला. मग कुजका, सुजलेला दात तोंडात घेऊन कंपनीच्या दारात जायचं? वेडा का खुळा! खोड आधीच काढून टाकायची. साफ तोंड घेऊन पुढे उभं राहायचं, म्हणजे कंपनीलाही बरं वाटेल की माणूस सरळ आहे, स्वतःचं जुनं दुखणं आपल्या गळ्यात मारत नाही. मग ते खुशीने ब्रिज बसवून देतील.

सांगा, यात चूक काय होती? मला अजून नीट सापडलेली नाही.

डिसेंबरात शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये फुकट दातांचं शिबिर भरतं. मोठ्या शहरांतले डॉक्टर येतात, बास्केटबॉलच्या जाळीखाली खुर्च्या मांडतात आणि दिवसभर दात उपटतात. रांग पार रस्त्यापर्यंत. थंडीत लोक घोंगड्या पांघरून उभे, सगळ्यांचे हात गालांना. आर्व्हेलला वाटलं, या रांगेपुढे जर कुणी लिलाव मांडला, तर दहा मिनिटांत सगळा तालुका विकला जाईल.

त्याच्या वाट्याला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आत बघितलं, टिचकी मारली, आर्व्हेल हातभर उडाला. "सर, हा दात वाचण्यासारखा आहे," त्या म्हणाल्या. "पण ते मुळाचं काम इथे होत नाही. तुमचा विमा आहे का?"

"एक तारखेपासून आहे."

"मग थांबा की थोडं! सुजेला मी गोळ्या देते."

"नको बाई," आर्व्हेल समजुतीच्या सुरात म्हणाला. "कंपनीपुढे नासका माल न्यायचा नसतो. उपटा तुम्ही."

बाई हातातली पक्कड तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. काही तरी सांगायचं होतं त्यांना, पण मागे रांग होती, शेजारच्या खुर्चीवरची बाई गळा काढून रडत होती, आणि इकडे माणूस तर हट्टाने तोंड वासून बसला होता. त्यांनी दात काढला. फुकट काम, चोख काम. धर्माची गाय अन् दात का गं नाय, तशातली गत. फक्त इथे खरोखरच दात नाय झाला.

आर्व्हेल मात्र खूश. नाताळभर फटीतून हसत होता. सासूने विचारलं, हे काय रे ध्यान? तर म्हणाला, "थोडे दिवस थांबा, आई. कंपनीचा दात येतोय."

जानेवारीत, नवं कार्ड खिशात घालून तो शर्लीनपुढे जाऊन उभा राहिला. तिने ते बघितलं, कंपनीला फोन लावला, ऐकलं, आणि फोन खाली ठेवून चष्मा काढला. शर्लीनने चष्मा काढला की बातमी वाईट असते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

"आर्व्हेल, दात कधी काढलास तू?"

"डिसेंबरात. शिबिरात."

"अरे देवा."

"का? फुकट होतं."

"विमा सुरू होताना जो दात तोंडात नव्हता, त्याच्या जागी नवीन बसवायचे पैसे ते देत नाहीत. असा नियमच आहे त्यांचा."

आर्व्हेल हसला. त्याला वाटलं, शर्लीन चेष्टा करतेय. शाळेतही असंच करायची. "अगं, नसलेल्या दातासाठीच तर ब्रिज लागतो! असलेल्याला कशाला लागेल?"

"ते मला नको सांगूस. घे, तूच बोल." तिने पुन्हा नंबर फिरवला.

फोनवरच्या बऱ्याच गाण्यांनंतर पलीकडे एक पोरगी आली. आवाज मधाळ. आर्व्हेलने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, फाटक, खोंड, शेळीसकट. ती मध्येमध्ये "हो सर, समजलं सर" म्हणत होती. शेवटी तिने विचारलं, "सर, एक जानेवारीला तो दात तुमच्या तोंडात होता का?"

"नव्हता. तुम्हाला त्रास नको म्हणून मी आधीच काढून ठेवला."

"मग सर, तो आमच्याकडे बसत नाही."

"बसत नाही म्हणूनच तर बसवायचाय, बाळ."

"सॉरी सर."

आर्व्हेलने टोपी काढून डोकं खाजवलं. "बरं, मला एवढं सांग. मी तो कुजका, पू भरलेला दात तसाच घेऊन आलो असतो तर?"

"तर बराचसा खर्च आम्ही दिला असता, सर. नंतर काढावा लागला असता तरी ब्रिजचे अर्धे दिले असते."

"आणि आता मी साफ तोंड घेऊन आलोय."

"हो सर. त्यामुळे नाही. आणखी काही मदत करू का?"

म्हण आहे ना, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत! आर्व्हेल ट्रकमध्ये बसून राहिला. किल्ली फिरवायचं भान नव्हतं. त्याला राग यायला हवा होता, पण राग यायला आधी कळावं लागतं. लंगडा वळू ते घेत नाहीत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. आणि कुजका दात घेतात? घरी येऊन त्याने ओपलला ते तीन वेळा समजावून सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगताना आधीपेक्षा जास्त गोंधळला.

"म्हणजे मी लबाडी करायला हवी होती का गं?"

"लबाडी नव्हे रे मूर्खा! थांबायला हवं होतंस. मी काय सांगत होते?" ओपल कडाडली. मग त्याचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "पगारातून कापतात दर महिन्याला. कुठल्या दातांचे, देव जाणे."

"जे आहेत त्यांचे."

"ते चांगले आहेत की!"

"हो ना," आर्व्हेल म्हणाला. त्या दिवसापासून तो आरशापुढे उभा राहून आपल्या धडधाकट दातांकडे संशयाने बघू लागला. एकदा तर ओपलने त्याला शेजारचा दात अंगठ्याने हलवून बघताना पकडलं. "काय करतोस?" तर म्हणतो, "याला काही झालं तर चालेल का, ते विचारायला हवं." तिने त्याच्या हातावर पळीच हाणली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण सोमवार येत होते. हातोडी उचलून आर्व्हेलने तोंड उघडलं की फटीतून वारा जायचा. साठ आणि सत्तर हे आकडे शिट्टीतच निघायचे. आधी एका श्वासात तो गाय विकायचा. आता अर्ध्या बोलीत दम संपायचा आणि त्या एवढ्याशा थांब्यात गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ मिळायचा. विचार केला की माणूस बोली लावत नाही. भाव पडू लागले. पोरं मागच्या बाकांवरून शिट्ट्या मारून उत्तर द्यायची, सगळे हसायचे, आर्व्हेलही हसायचा. मग त्याने कुठून तरी स्वस्तातला, गरम पाण्यात मऊ करून लावायचा प्लॅस्टिकचा दात मागवला. तो एका कालवडीच्या पाचशे-सहाशेच्या मधोमध उडाला आणि रिंगणातल्या भुशात पडला. कालवडीने त्यावर पाय दिला.

हिवाळा संपता संपता क्लेटसने त्याला कॉफीसाठी बोलावलं. क्लेटस माणूस वाईट नाही, पण त्याचाही बाजार आहे. "आर्व्हेल, वसंतातला मोठा लिलाव आलाय. बाहेरच्या राज्यांतून व्यापारी येतात. गुरं डस्टिन पुकारेल."

डस्टिन म्हणजे क्लेटसचा पुतण्या. लिलावाच्या शाळेत जाऊन आला होता, दात जाहिरातीसारखे.

"आणि मी?"

"सकाळच्या शेळ्या-मेंढ्या तू घे." क्लेटसने कपात बघितलं. "त्यानंतर... जरा विश्रांती घे. तोंडाचं काय ते झालं की बघू."

तोंडाचं काही होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. ब्रिजला पैसे हवेत, पैशाला लिलाव हवा, आणि लिलावाला ब्रिज हवा. आर्व्हेल घरी येऊन जेवला नाही. ओपलने ताट झाकून ठेवलं. एकोणिसाव्या वर्षापासून त्याला दुसरं काही येत नव्हतं. आता सोमवारी सकाळी उठून माणसाने करायचं काय?

मोठ्या लिलावाच्या दिवशी त्याने दाढेला खरारा केला, खूर कापले आणि ट्रकमध्ये घातली. तिला विकून टाकायचं त्याने ठरवलं होतं. चादरी खाणारं जनावर बेकार माणसाला परवडत नाही. ओपल म्हणाली, "हिचे काय येणार आहेत? ट्रकचं तेलसुद्धा सुटायचं नाही." पण तीही बरोबर आली.

शेड खच्चून भरली होती. आर्व्हेल फळीवर चढला, मेंढ्या विकल्या, कोकरं विकली, शिट्टी वाजत होती, आणि आश्चर्य म्हणजे मागची पोरंही आज गप्प होती. आर्व्हेलला वाटलं, मेलेल्या माणसाची चेष्टा करत नाहीत, तसं असेल. शेवटी दाढ आली. रिंगणात येऊन तिने एका व्यापाऱ्याच्या टोपीकडे आशेने बघितलं.

"कान फाटका आहे मंडळी," आर्व्हेलने प्रामाणिकपणे सांगितलं. "कपडे खाते. दात मात्र सगळे शाबूत. वीस, वीस, कोण म्हणतो वीस?"

समोरच्या बाकावर होबार्ट स्लोनने गालाला हात लावला.

"वीस आले, तीस, कोण म्हणतो तीस?" तीसला कुणी तरी टोपी सारली. होबार्टने गालाला हात लावला. मग पन्नास, मग शंभर. आर्व्हेल बोली घेत होता, पण त्याच्या कपाळावर आठी होती. एवढ्या भावात लोक हिच्यात बघतायत तरी काय? दोनशेला होबार्टवर हातोडी पडली. "दिली! होबार्टकाका, न्या."

होबार्टने खिशातून नोटा काढून कारकुनाच्या टेबलावर ठेवल्या. पण शेळीची दोरी घेतली नाही. "परत विक," तो म्हणाला.

आर्व्हेलला वाटलं, म्हाताऱ्याला शेळीत काही दिसलं. "काका, कान फाटका आहे हे मी सांगितलं होतं."

"ऐकलं मी. परत विक."

परत पुकारली. या वेळी कोपऱ्यातल्या एका दूधवाल्याने घेतली. त्याने पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "परत विक, आर्व्हेल." तिसऱ्यांदा चर्चच्या बायकांनी मिळून घेतली. "परत विक." चौथ्यांदा बाहेरच्या राज्यातला एक व्यापारी, त्याला शेजाऱ्याने कानात काही तरी सांगितलं, त्याने मान हलवली, घेतली. "सेम," तो म्हणाला. "परत."

आता आर्व्हेलला घाम फुटला. चाळीस वर्षांत अशी बदनाम शेळी त्याने पाहिली नव्हती. घेतो तो परत करतो! त्याने फळीवरून वाकून दाढेला नीट न्याहाळलं. रोगट आहे का? पुढे त्याला दुसरीच भीती वाटली, की लोक आपली शेवटची थट्टा करतायत. त्याने हातोडी खाली ठेवली, आणि आवाज चढवून, शिट्टीसकट, ओरडला, "होबार्टकाका! तुम्ही जुनं माणूस. निदान तुम्ही तरी सांगा, या शेळीत खोट काय आहे?"

होबार्ट गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"शेळीत कसली खोट? खोट तुझ्या तोंडात आहे, गाढवा. विक परत."

तरी आर्व्हेलच्या डोक्यात प्रकाश पडेना. आणि हा आर्व्हेल कोण? जोन्स नावाच्या विधवेची शेड जळाली तेव्हा एक लोणच्याची बरणी सकाळपासून दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा विकली ती याने. पाद्रीबुवांच्या मुलीच्या ऑपरेशनला एक केक विकून विकून शिळा केला तो याने. घेतलेली वस्तू परत करून पुन्हा विकायला लावायची आणि जमलेले पैसे अडलेल्याला द्यायचे, ही रीत याच्याइतकी या खोऱ्यात कुणाला ठाऊक नव्हती. पण ती नेहमी दुसऱ्यासाठी असायची. त्याने बावळटासारखं विचारलं, "पण... कुणासाठी?"

सगळी शेड जी हसली म्हणता! पत्रे वाजले. दाढ घाबरून गोल गोल पळायला लागली. ओपल खाली बाजाराच्या कॅफेच्या दारात उभी राहून एकाच वेळी हसत होती आणि बाहीने डोळे पुसत होती. "अरे येड्या, तुझ्यासाठी!" ती ओरडली. "पुकार आता! धर्माच्या शेळीचे दात मोजत बसू नकोस!"

आर्व्हेलने हातोडी उचलली. तोंड उघडलं, तर शब्दच येईनात. नुसता वारा. शेवटी डस्टिन फळीवर चढून आला, सगळ्यांना वाटलं हातोडी घेणार, पण त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "सर, पुकारा तुम्ही," तो म्हणाला, "एवढ्या श्वासाचं काम मला जमणार नाही." मग आर्व्हेल रडत रडत, शिट्ट्या वाजवत, स्वतःसाठी शेळी विकत राहिला. गुरं त्या दिवशी उशिरा सुरू झाली आणि व्यापाऱ्यांनी तक्रार केली नाही. शेवटची बोली क्लेटसची होती. नोटा ठेवता ठेवता तो पुटपुटला, "दात बसवून ये. हातोडी तुझ्या खिळ्यालाच टांगतो."

दुपारी आवारात आर्व्हेल दाढेला ट्रकमध्ये चढवत होता. शेवटी ती त्याच्याच गळ्यात राहिली होती. बाजूला होबार्ट आपल्या गाडीला टेकून मऊ केलेला ब्रेड ग्रेव्हीत बुडवून चघळत होता. आर्व्हेल जवळ गेला, टोपी काढली आणि तेव्हा कुठे त्याने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. आत एकही दात नव्हता. इतकी वर्षं तो गालाला हात लावत होता आणि ती नुसती बोलीची खूण आहे, दुखणं नव्हे, असं आर्व्हेल समजत होता.

"काका," तो म्हणाला, "चारशे गुरं तुमची. आधी स्वतःला दात करून घ्यायचे. माझ्यावर कशाला खर्च केलात?"

"मला कशाला दात?" होबार्ट म्हणाला. "माझी बायको मार्था गेल्यापासून घरात बोलायला कोण आहे? वर डोंगरावर आठवडाभर माणसाचा आवाज कानावर पडत नाही. सोमवारी तू पुकारतोस, तेवढाच." त्याने घास गिळला. "गेले तीन महिने मला तो नीट कळत नव्हता."

विम्याचं आर्व्हेलला अजूनही कळलेलं नव्हतं आणि हेही कळायला थोडा वेळच लागला. तो नुसता टोपी हातात धरून उभा राहिला. होबार्ट गाडीत बसला, इंजिन सुरू केलं आणि निरोप म्हणून त्याने गालाला हात लावला. बोली नव्हती ती. तरी सवयीने, बोली टिपताना जातं तसं, आर्व्हेलचं बोट वर गेलं.

"घेतली, काका," तो म्हणाला. "सोमवारी या."